म्हातारा तांडेल पार्टी सोडून का गेला?

ऐकणाऱ्यांसाठी भाग आहेच, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कळवलं की कार्लेखिंडीत एसटी शिरली की रेंज जाते आणि नेमका मुद्द्याचा भाग निसटतो. म्हणून हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, आणि दोन-तीन ठिकाणी बोलायचं राहिलं होतं ते घातलंय.

आजचा विषय आहे रोलप्लेइंग गेममधला हिरो. तो मोठा होतो म्हणजे नक्की काय होतं? तुम्ही म्हणाल, सोपं आहे, राक्षस मारले, एक्सपी मिळाला, लेव्हल वाढली, नवी तलवार आली. मीसुद्धा कॉलेजला असेपर्यंत हेच म्हणत होतो. मग गेल्या पावसाळ्यात आमच्या पडवीत एक प्रकार घडला आणि मला या प्रश्नाचा नीट विचार करावा लागला. कारण त्या दिवशी एक खराखुरा मुलगा फासे टेबलावर टाकून उठून गेला आणि दोन शनिवार फिरकलाच नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, कंपनी पुण्याची, मी अलिबागजवळ गावी बसून काम करतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळ्यांची डागडुजी चाललेली, गेटवे-मांडवा लाँचही पावसाळ्यात बंद. गावातली निम्मी तरुण मंडळी मोकळी असतात. म्हणून आमचं डी अँड डी जून-जुलैमध्येच जोरात चालतं, दर शनिवारी रात्री. लाइट गेली तर उलट मजा येते, मेणबत्ती लावून खेळतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. त्याला स्क्रीन लागत नाही. एक जण सूत्रधार असतो, तो जग सांगतो: समोर गुहा आहे, आतून पाण्याचा आवाज येतोय, काय करता? बाकीचे आपापलं पात्र घेऊन बसलेले असतात, ते सांगतात मी काय करतो. जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासे. मोबाइलवर किंवा पीसीवर तुम्ही जे जे आरपीजी खेळता, त्यांची लेव्हल, हेल्थ, पार्टी, सगळी कुंडली इथून आलेली आहे.

आमचा सूत्रधार मीच. आणि जग कुठलं घ्यायचं याचा फार विचार करावा लागला नाही, थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की ते समोर दिसतं. खांदेरी.

इथे जरा थांबतो, कारण खांदेरीची गोष्ट रोज समोर दिसत असूनही आपल्याला कमी माहीत असते. १६७९ च्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारी माणसं घेऊन या बेटावर उतरला आणि तटबंदी बांधायला लागला. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला, म्हणजे इंग्रजांच्या पोटात गोळा. त्यांनी जहाजं आणून बेटाची कोंडी केली. पण त्यांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून, आणि आपल्या होड्या लहान, वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की रात्रीच्या अंधारात त्या इंग्रजांच्या डोळ्यांदेखत रसद घेऊन बेटावर पोचायच्या. नागावच्या बाजूने दौलतखानाचं आरमार बाहेर पडलं, ऑक्टोबरमध्ये समुद्रात लढाई झाली, तीत मराठ्यांचं नुकसानही झालं. जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला आणि शेजारच्या उंदेरीवर जाऊन बसला. इतकं होऊनही १६८० च्या सुरुवातीला इंग्रज कंटाळून निघून गेले आणि खांदेरी टिकली. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात रायगडाबरोबर खांदेरीही आहे.

मला या गोष्टीत सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? स्वतः महाराज बेटावर नव्हते. राज्य त्यांचं, हुकूम त्यांचा, पण अंधारात खडक चुकवत वल्हं मारणारे हात दुसऱ्यांचे. हिरो स्क्रीनवर नाही आणि लेव्हल जिंकली जाते. कुठल्या गेममध्ये असं बघितलंय?

तर आमच्या खेळात मी खांदेरीवरून एक काल्पनिक बेट केलं. अर्धा बांधलेला तट, बाहेर काळ्या शिडांची जहाजं, आणि बेटाच्या मधोमध वेताळ. वेताळही मी हवेतून आणला नाही, खांदेरीवर खरंच वेताळाचं देऊळ आहे आणि कोळी बांधव त्याला मानतात. हिरोचं नाव म्हादू. म्हादूला खेळवणारा एका नाखव्याचा मुलगा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, डोक्याने तल्लख, पण घाईचा. (नाखवा म्हणजे होडीचा मालक, तांडेल म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, बाकी खलाशी. घाटावरच्या श्रोत्यांनी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

पहिल्याच शनिवारी धो-धो पाऊस. पाचांतले दोनच आले, तो आणि माझी आतेबहीण. दोन माणसांत मोहीम कशी चालणार? म्हणून मी जुन्या नियमांकडे वळलो. १९८१ साली टॉम मोल्डवे याने डी अँड डीची जी ‘बेसिक’ आवृत्ती तयार केली, तीत भाडोत्री सोबत्यांचे नियम आहेत. हे नियम वाचून मला पहिल्यांदा वाटलं होतं, काय हा खडूसपणा. नंतर कळलं की यात माणूस कळलेला कोणीतरी बसलाय.

नियम असा. प्रत्येक पात्राला करिश्मा नावाचा एक आकडा असतो, ३ ते १८. आजच्या गेममध्ये करिश्मा म्हणजे दुकानदाराकडून सूट मिळवणं किंवा कोणाला पटवणं. त्या काळी त्याचं मुख्य काम वेगळं होतं: तुमच्यासोबत किती माणसं येतील आणि किती टिकतील. करिश्मा ९ ते १२ असेल तर चार सोबती, आणि त्यांचं मोराल ७. करिश्मा १८ असेल तर सात सोबती, मोराल १०. करिश्मा ३ असेल तर एकच, मोराल ४. मोहीम संपली की सूत्रधार दोन फासे टाकतो. बेरीज मोरालपेक्षा जास्त आली तर तो सोबती पुन्हा तुमच्याबरोबर येत नाही. संपलं.

गणित करून बघा, सोपं आहे. मोराल १० असेल तर ११ किंवा १२ आलं तरच माणूस जाणार, म्हणजे ३६ पैकी ३ वेळा, सुमारे ८ टक्के. मोराल ७ असेल तर ३६ पैकी १५ वेळा, म्हणजे जवळपास ४२ टक्के. सरसकट साधा माणूस असाल तर दर मोहिमेनंतर तुमचा सोबती जाण्याची शक्यता जवळजवळ नाणेफेकीइतकी! आणि वर सूत्रधाराला मुभा आहे की चांगलं वागवलं तर आकडा वाढव, वाईट वागवलं तर कमी कर.

म्हादूचा करिश्मा आला ९. मी त्याला दोन सोबती दिले. एक म्हातारा तांडेल, ज्याला बेटाभोवतीचा प्रत्येक खडक पाठ आहे. दुसरी मिठागरावरची एक पोरगी, अंधारात बघू शकणारी. आतेबहीण स्वतःची मांत्रिक घेऊन होतीच.

आता बघा काय झालं. पहिल्या गुहेच्या तोंडाशी म्हादू म्हणाला, “तांडेल, तू पुढे हो.” दुसऱ्या गुहेतही तेच. सापळा असेल तर तांडेलावर पडेल, हिरो वाचेल. पोरीच्या डोक्यावर सगळं ओझं. सोनं मिळालं तेव्हा मी तांडेलाच्या तोंडून विचारलं, “माझा वाटा?” तर उत्तर, “नंतर बघू.” मी काही बोललो नाही, फक्त वहीत लिहून ठेवलं. तिसऱ्या शनिवारी एका दगडी दारात तांडेलाचा हात चिरडला. आतेबहीण म्हणाली, थांबूया, त्याला बांधूया. म्हादूचा प्रश्न काय? “त्याच्याकडची मशाल विझली का?”

दार उघडलं, खजिना मिळाला, म्हादू तिसऱ्या लेव्हलला गेला. किनाऱ्यावर परतल्यावर मी मोराल ७ वरून ५ वर आणलं आणि सगळ्यांसमोर फासे टाकले. नऊ. तांडेल काही न बोलता उठला, होडी पाण्यात लोटली आणि निघून गेला. होडी त्याचीच होती.

“दादा, हे चीटिंग आहे,” तो म्हणाला. “माझी लेव्हल वाढली आणि तू माझी होडी काढून घेतोस?”

मी म्हटलं, “तुझी नव्हती.”

यावर तो उठून गेला.

त्या रात्री मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. चार मित्र करमणुकीला जमतात, त्यांना धडे शिकवायला मी कोण? पण डोक्यातून एक गोष्ट जाईना. त्याची लेव्हल खरंच वाढली होती. हेल्थ वाढली, तलवारीचा वार सुधारला. आणि तरी पहिल्या शनिवारचा म्हादू आणि तिसऱ्या शनिवारचा म्हादू यांत तसूभर फरक नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर लेव्हल हा नुसता काउंटर आहे. उंदीर मारा, एक्सपी मिळवा, काउंटर वाढवा. दहाव्या लेव्हलचा माणूस पहिल्या लेव्हलच्या माणसाइतकाच आडमुठा असू शकतो, फक्त त्याला मारणं अवघड जातं.

मग बदलतो तो हिरो कशाने बदलतो? मी मला आवडलेले गेम पुन्हा काढले, या वेळी सोबत्यांकडे बघत. (पुढे थोडे स्पॉयलर आहेत. जुन्या गेमचे आहेत, माफ करा.)

१९८५ चा अल्टिमा ४. रिचर्ड गॅरियटचा. यात मारायला कोणी महाखलनायक नाही, हीच गंमत. आठ सद्गुण आहेत, त्यांची आठ गावं, आणि त्या गावांतले आठ पेशे. त्यातला एक पेशा तुमचा, उरलेल्या सात गावांतून सात सोबती गोळा करायचे. ते सगळे बरोबर असल्याशिवाय शेवटचं दार उघडत नाही. म्हणजे करुणा, शौर्य, नम्रता यांतलं जे तुमच्यात नाही ते कोणाच्या तरी रूपाने बरोबर घेऊन चालायचं. कल्पना झकास आहे. पण खरं सांगतो, ती माणसं एकदा पार्टीत आली की मुकी होतात. सद्गुणांची पाटी गळ्यात घातलेली बाहुली.

मुकेपणा मोडला तो माझ्या मते १९९८ च्या बाल्डर्स गेटने. तिथे पार्टीत सज्जनही आहेत आणि हरामखोरही. तुम्ही फार चांगलं वागायला लागलात आणि तुमचं नाव व्हायला लागलं, की दुष्ट सोबती कुरकुरतात आणि शेवटी सोडून जातात. वाईट वागलात तर सज्जन जातात. म्हणजे सगळ्यांना खूश ठेवता येत नाही! सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने ही दोन ओळींची कंडिशन आहे. पण खेळणाऱ्याला पहिल्यांदाच स्वतःला विचारावं लागतं, मी नक्की कोणाबरोबर चाललोय?

ड्रॅगन एज ओरिजिन्स, २००९. इथे प्रत्येक सोबत्याच्या मनात तुमच्याबद्दल एक आकडा असतो, उणे शंभर ते अधिक शंभर. बोला, मदत करा, आकडा वाढतो. आणि भेटवस्तू द्या, आकडा धडाधड वाढतो. हा मला त्या गेमचा सगळ्यात दुबळा भाग वाटतो. मैत्री म्हणजे दिवाळीला क्लायंटला पाठवायचा सुक्या मेव्याचा डबा नाही ना. पण त्याच गेमने एक जबरदस्त गोष्ट केली आहे. अॅलिस्टर नावाचा सोबती, खेळाच्या सुरुवातीपासून तुमच्याबरोबर, जिवाला जीव देणारा. शेवटाकडे एक निर्णय येतो: ज्याने त्याच्या माणसांचा घात केला त्याला माफ करून आपल्यात घ्यायचं का? घेतलंत तर अॅलिस्टर पार्टी सोडतो. तुमचा आकडा शंभर का असेना. प्रेम आहे, पण हे चालणार नाही. माझ्या मित्राने हा निर्णय घेतला तेव्हा तो रात्री दीडला मला फोन करून विचारत होता, “अरे, लोड करून परत आणता येतो का?” येतो. लोड करून काहीही आणता येतं. पण त्याला फोन करावासा वाटला, तिथे गेम जिंकला.

२०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्ये हीच परंपरा आहे, फक्त देखणी. निर्वासितांच्या वस्तीवर हल्ला करायला तुम्ही मदत केलीत तर कार्लाक आणि विल तुमच्याबरोबर राहत नाहीत. उलट कोणा गरिबाला फुकटात मदत केलीत की अॅस्टेरियनचं नाक मुरडलंच. एकाच कृतीला चार जणांच्या चार प्रतिक्रिया डोक्यावर उमटतात, आणि तुम्हाला कळतं की आरसा एक नाही, चार आहेत.

पण या सगळ्यांत माझा जीव अडकलाय तो एका जुन्या गेममध्ये. प्लेनस्केप: टॉर्मेंट, १९९९. हिरोला नावच नाही. तो शवागारात जागा होतो, अंगभर जखमांचे व्रण, आठवण काही नाही. आणि तो मरत नाही. मेला की पुन्हा उठतो, कधीकधी आधीचं सगळं विसरून. असे त्याचे कित्येक जन्म झालेत आणि प्रत्येक जन्मात तो वेगळा माणूस होता.

त्याला डॅकॉन नावाचा एक सोबती भेटतो. वयस्क योद्धा, मोजकं बोलणारा. त्याची तलवार त्याच्या मनासारखी आकार बदलते: मन स्थिर तर पातं धारदार, मनात शंका तर पातं बोथट. तो तुमच्याबरोबर यायला लगेच तयार होतो. का? बऱ्याच वेळाने कळतं. हिरोच्या एका आधीच्या जन्माने डॅकॉनला त्याच्या श्रद्धेच्या पडत्या काळात त्याच्या लोकांची शिकवण एका दगडी चक्रात लिहून दिली होती. डॅकॉनने शपथ घेतली, तू मरेपर्यंत तुझी सेवा करीन. त्याला काय माहीत की हा मरतच नाही. आणि त्या जन्मातल्या हिरोने हे दयेपोटी केलं नव्हतं. त्याला ती तलवार आपल्या बाजूला हवी होती.

म्हणजे तुमच्या शेजारी चालणारा हा माणूस तुमचा गुलाम आहे, आणि त्याला गुलाम केलं तुम्हीच, फक्त आठवत नाही. हे कळल्यावर लेव्हल किती आहे हे कोण बघत बसेल?

पुढची रचना तर कमाल आहे. ते दगडी चक्र डॅकॉन तुम्हाला दाखवतो. एक पाकळी फिरवली की एक शिकवण उघडते. वाचायची, मग तो विचारतो, काय समजलास? नीट उत्तर दिलंत तर पुढची पाकळी, त्याबरोबर मंत्र. म्हणजे इथे ताकद वाढते ती संभाषणाने. एका टप्प्यानंतर तुम्ही अशा पाकळ्या उघडता ज्या डॅकॉननेही पाहिलेल्या नसतात. आता शिकवणारे तुम्ही, शिकणारा तो. त्याच्या मनातली जुनी शंका फिटते आणि त्याचीही ताकद वाढते. पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीचा गेम, चित्रं आज मातीसारखी दिसतात, पण या दोघांच्या बोलण्याइतकं चांगलं काही मी त्यानंतर खेळलेलं नाही. फोनवर मिळतो, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर. वाचायला खूप आहे, एवढी तयारी ठेवा.

आणि मग मला हसू आलं. कारण हे आपल्याकडे आहेच की! विक्रम आणि वेताळ. राजाच्या अंगात ताकद भरपूर, झाडावरून प्रेत काढून खांद्यावर टाकण्यात त्याला काही वाटत नाही. पण वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो, राजा बोलला की वेताळ परत झाडावर. पुन्हा पुन्हा. पार्टीतून दर वेळी निघून जाणारा सोबती! त्याला धरून ठेवायला तलवार उपयोगाची नाही. शेवटच्या गोष्टीला राजाकडे उत्तर नसतं, तो गप्प राहतो, आणि तेव्हा वेताळच त्याला सावध करतो की ज्या योग्यासाठी तू हे ओझं वाहतोयस तो तुझाच बळी देणार आहे. लहानपणी वाटायचं वेताळ राजाला छळतोय. आता वाटतं, तो बघत होता की या माणसाला वाचवण्यात अर्थ आहे का.

इतिहासातलं उदाहरण तर सगळ्यांना पाठ आहे. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा.’ १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा, सय्यद बंडाचा वार आणि मध्ये पडलेला जिवा महाला. आपण ही म्हण जिवाच्या शौर्यासाठी वापरतो. मला त्यात दुसरं एक दिसतं. भेटीला मोजकीच माणसं न्यायची होती. त्या मोजक्यांत कोणाला घ्यायचं हे ठरवताना कोण कसा आहे हे माहीत असावं लागतं, आणि ते आदल्या रात्री कळत नाही.

जाता जाता आपल्या गेमबद्दल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला. भावाला शोधायला निघालेली मुलगी, देवळं, देवदेवता. दिसायला सुंदर, जरूर खेळा. पण राजी जवळपास पूर्ण रस्ता एकटी चालते. मला सारखं वाटत राहिलं, हिच्या बाजूला कोणीतरी हवं होतं, हिच्याशी भांडणारं.

असो. पडवीत परत येतो.

दोन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी जुलै संपत आला होता. आम्ही तिघं-चौघं बसलो होतो आणि हा आला. ओल्या छत्रीसकट दारात उभा. आतेबहिणीने चहा दिला. जरा वेळ इकडचं तिकडचं झालं, आणि मग तो म्हणाला, “दादा, आमचा तांडेल गेला.”

मला आधी वाटलं खेळातलं बोलतोय. खेळातलं नव्हतं. त्यांच्या होडीवरचा तांडेल, बारा वर्षं त्यांच्याकडे होता, त्याने या हंगामाला दुसरी होडी धरली. १ ऑगस्ट चार दिवसांवर. डिझेल, बर्फ, जाळी, सगळ्याला पैसे गेलेले, आणि होडी नेणारा माणूस नाही. तांडेल गेला की खलाशीही हलतात, कारण खलाशी बहुतेक वेळा त्याच्या शब्दावर आलेले असतात.

“का गेला?” मी विचारलं.

“बाबा म्हणतात पैशासाठी.” थोडा थांबला. “पण गेल्या वर्षी त्याचा हात विंचमध्ये अडकला होता. बाबांनी दवाखान्याचे पैसे दिले, तसं नाही. पण त्या रात्री पहिला फोन बाबांनी केला तो मासळी उतरवायला माणसं पाठवण्यासाठी. मी तिथेच होतो.”

पडवीत कोणी काही बोललं नाही. मी तर अजिबात नाही. विंचचं मला काहीही माहीत नव्हतं. मी दगडी दारात तांडेलाचा हात चिरडला तो फासे तसे पडले म्हणून. योगायोग म्हणा. पण तो त्या दिवशी चीटिंग-चीटिंग म्हणत का उठला, ते मला आत्ता कळत होतं.

तो म्हणाला, “मी गेलो होतो त्याच्याकडे. काल. बाबांना न सांगता.”

“मग?”

“मग काय. बसलो. हात दाखव म्हटलं. दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत.” पुन्हा थांबला. “मला माहीतच नव्हतं, दादा. रोज बघायचो त्याला.”

तांडेल परत आला का, असं तुम्ही विचाराल. नाही आला, त्याने दुसरीकडे उचल घेतली होती आणि तो शब्दाचा पक्का. पण त्याने स्वतःच्या पुतण्याचं नाव सुचवलं. होडी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघाली, चार-पाच दिवस उशिराने.

त्या रात्री आम्ही खेळलोही. म्हादू किनाऱ्यावर होडीविना बसलेला. त्याने मिठागरावरच्या पोरीला पहिल्यांदाच तिचं नाव विचारलं. तीन आठवडे ती पार्टीत होती आणि मी तिला नावच दिलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं! मला तिथल्या तिथे शोधावं लागलं. मग तो म्हणाला, तिला बेटावर का यायचंय? याचंही उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. म्हणजे सूत्रधार म्हणून मीही तिला हमालच समजत होतो. आता माझ्या वहीत प्रत्येक सोबत्यापुढे मी लिहून ठेवतो की त्याला स्वतःला काय हवंय आणि कुठल्या गोष्टीला तो कधीच तयार होणार नाही. हिरोबद्दल त्याच्या काय लक्षात आलंय तेही एका ओळीत. या शेवटच्या ओळीचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. ती पोरगी एकदा म्हादूला म्हणाली, “तू घाबरलास की जोरात बोलतोस,” आणि खेळवणारा लाल झाला.

तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर पैसे खर्च करायची गरज नाही. ‘बेसिक फँटसी’ नावाचा खेळ जुन्याच धर्तीवर आहे, त्याची पीडीएफ अधिकृतपणे फुकट मिळते आणि भाडोत्री सोबत्यांचे नियम त्यातही आहेत. फासे नसले तर फोनवर डाइस रोलर घ्या. पण मोरालचे फासे टाकताना खरे टाका, आणि सगळ्यांसमोर टाका. लपवून टाकले की सूत्रधाराला दया येते.

आता होड्या समुद्रात आहेत, त्यामुळे आमचा खेळ थांबलाय. म्हादू बेटाच्या अलीकडे एका खडकावर अडकलेला आहे, भरती चढतेय. परवा रेंज आली तेव्हा त्याचा समुद्रातून मेसेज आला: “दादा, म्हाताऱ्याला त्याचा वाटा पोचवायचा असेल तर कसा पोचवू? तो परत नाही आला तरी चालेल.” मी लिहिलं, जूनमध्ये सांगतो. वहीत तांडेलाच्या नावापुढे मोराल ५ होतं, ते खोडून ६ केलंय. त्याला सांगू नका, तो हा भाग ऐकतो की नाही मला माहीत नाही.